सावॉयचा काळा चाकू आणि आपली विळी



फ्रान्सला जाणारी आपली मंडळी बहुधा पॅरिसला जातात, आयफेल मनोरा पाहतात, नदीत बोटीने फिरतात आणि फोटो घेऊन परत येतात. आम्ही मात्र मागच्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या पूर्वेला, इटलीच्या सरहद्दीजवळच्या आल्प्स डोंगरात गेलो, आणि तेही एका चाकूचं गाव पाहायला. "चाकू पाहायला एवढ्या लांब? शूकमध्ये मिळत नाहीत का?" असं निघताना पुष्कळांनी विचारलं. मिळतात, पण शूकमधले चाकू चकचकीत असतात आणि चकचकीतच राहतात. आम्हाला बघायचा होता तो काळा पडणारा चाकू. काळा पडूनही न कुजणारा, उलट त्या काळेपणामुळेच टिकणारा.

आम्ही म्हणजे पाच पिकली पानं, दोन नातवंडं, आणि आमच्या शेजारच्या मोरोक्कन बाई. त्यांना फ्रेंच उत्तम येतं. त्या नसत्या तर आमचा सगळा प्रवास हातवाऱ्यांवरच झाला असता.

ल्यों शहरातून आगगाडीने दीडेक तासात शांबेरी येतं. हे जुन्या सावॉय राज्याचं मुख्य शहर. सावॉय १८६० साली फ्रान्समध्ये कायमचं सामील झालं, त्याआधी तिथे ड्यूकांचं घराणं होतं. स्टेशनातून गावात शिरलो आणि मुलं एकदम ओरडली, "हत्ती!" खरंच, भर चौकात चार मोठे हत्ती, चार दिशांना तोंडं करून सोंडेतून पाणी सोडताहेत. गंमत म्हणजे चौघांनाही फक्त पुढचाच भाग आहे. गावातले लोक त्यांना 'ढुंगण नसलेले चौघे' असं म्हणतात. बाईंनी हे भाषांतर करून सांगितल्यावर मुलांचं हसणं थांबेना.

पण आम्हा मोठ्यांना खरा धक्का बसला तो वरच्या पुतळ्याचं नाव ऐकून. ते आहेत जनरल बेनुआ द ब्वान्य, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातले डी बॉयन. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्यांनी उभ्या केल्या, तेच हे. १७५१ साली याच शांबेरीत जन्मले, हिंदुस्थानात नशीब काढलं, परत येऊन गावासाठी पैसा खर्च केला, आणि गावाने १८३८ साली त्यांच्यासाठी हे हत्तींचं कारंजं बांधलं. शाळेत असताना आम्ही महादजींचा धडा पाठ केला होता. त्या धड्यातला माणूस असा आल्प्सच्या पायथ्याशी भेटेल असं कुणाला वाटलं होतं?

शांबेरीहून पुढे मोरिएनचं खोरं लागतं. आर्क नावाची नदी, दोन्ही बाजूंना उंच डोंगर, मध्ये रेल्वे, रस्ता आणि कारखाने, असं चिंचोळं खोरं आहे. याच रेल्वेने पुढे डोंगराच्या पोटातून इटलीत जाता येतं. तो बोगदा १८७१ साली सुरू झाला, आणि त्यानंतर लंडनहून मुंबईची डाक या वाटेने इटलीतल्या ब्रिंदिसी बंदरापर्यंत जाई, तिथून बोटीवर चढे. आपल्या पणजोबांच्या काळी अलिबागच्या पोस्टात विलायतेचं पत्र आलं असेल, तर ते कदाचित याच डोंगराखालून आलं असेल.

शांबेरीपासून तासाभरात सँ-जाँ-द-मोरिएन हे गाव आलं. लहान, शांत गाव. इथल्या जुन्या चर्चमध्ये ख्रिस्ती लोकांच्या योहान बाप्तिस्म्याची तीन बोटं जपून ठेवली आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून गावाच्या चिन्हात आशीर्वाद देणारा हात आहे. तोच हात, वर सावॉयच्या ड्यूकांचा मुकुट, हे चिन्ह १९०९ सालापासून इथल्या चाकूच्या पात्यावर उमटवतात. चाकूचं नाव ओपिनेल. गावात त्याचं संग्रहालय आहे, आणि आम्ही आलो होतो ते तिथेच.

ओपिनेल हे आडनाव. गावाजवळ जेवुदा नावाची एक वाडी आहे, तिथे या घराण्याची भट्टी होती. आजोबा खिळे विकत फिरायचे, वडील कुऱ्हाडी, कोयते आणि झाडं छाटायच्या सुऱ्या बनवायचे. मुलगा जोसेफ, जन्म १८७२ चा. त्याने १८९० साली, म्हणजे अठराव्या वर्षी, मित्रांसाठी एक साधा घडीचा चाकू बनवला. लाकडाची गोल मूठ, तिला एक चीर, त्या चिरेत मिटणारं पातं. बस्स. १८९७ पर्यंत त्याने १ ते १२ नंबरांचे लहानमोठे चाकू केले. पुढे १ आणि ११ नंबर बंद झाले, बाकीचे आजही चालू आहेत. सगळ्यात जास्त वापरला जातो तो ८ नंबर, पातं साडेआठ सेंटिमीटरचं. १९५५ साली मुठीला एक फिरणारं कडं बसवलं, ते फिरवलं की उघडलेलं पातं अचानक मिटून बोटं कापत नाही. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांत एवढाच काय तो मोठा बदल. शेतकरी, गुराखी, रेल्वेचे कामगार, सगळ्यांच्या खिशात हाच चाकू.

संग्रहालयात जुनी हत्यारं आणि यंत्रं पाहिली, सगळ्या नंबरांचे चाकू ओळीने मांडलेले पाहिले. नवे चाकू दोन जातींचे असतात. पात्यावर 'इनॉक्स' लिहिलेलं असेल तर ते स्टेनलेस स्टील, आणि 'कार्बोन' लिहिलेलं असेल तर ते साधं कार्बनचं पोलाद, जुन्या पद्धतीचं. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम घातलेलं असतं, म्हणून ते गंजत नाही. १९१३ साली इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी तसं पोलाद बनवलं. त्याआधी घरोघरचे बहुतेक चाकू, सुऱ्या आणि आपल्या कोकणातल्या विळ्या या साध्या लोखंड-पोलादाच्याच होत्या, आणि काळ्या पडायच्याच.

खरा धडा मात्र आम्हाला संग्रहालयात नाही, बाहेर बाकावर मिळाला. तिथे एक म्हातारे गृहस्थ सफरचंद खात बसले होते. त्यांच्या हातात ओपिनेल होता, पण पातं असं की आमची नात पटकन हिब्रूत म्हणाली, "ते गंजलंय, त्यांना सांगा ना!" बाईंनी हसत हसत सांगितलं. म्हाताऱ्यांना राग आला नाही. त्यांनी चाकू पुढे धरला. पातं धारेच्या बाजूने झिजून अरुंद झालेलं. रंग काळपट करडा, मध्येच निळसर, कुठे जांभळट झाक. फक्त धारेची एक बारीक रेघ चांदीसारखी चमकत होती. बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत, बोटाला काही लागलं नाही. ते म्हणाले, "गंज असता तर बोट लाल झालं असतं. हा गंज नाही. ही पातीन. माझ्या चाळीस वर्षांच्या जेवणाचा हा रंग आहे." मग त्यांनी पातं विजारीला दोन्ही बाजूंनी पुसलं, मिटलं आणि खिशात टाकलं. ते पुसणं इतकं सवयीचं होतं की त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

आमच्यातल्या एक आजीबाई लगेच म्हणाल्या, "अगो, ही तर आपली विळी!"

अगदी खरं. आपल्याकडे विळी, कुठे मोरळी म्हणतात, तिचं पातं असंच. बाजारातून नवी आणली की करडी-पांढरी. पहिली कैरी चिरली की डाग पडले. मग चिंच, कोकम, कांदा, वांगं, केळफूल. केळफूल चिरताना हात काळे होऊ नयेत म्हणून आया हाताला तेल लावायच्या. हात वाचायचे, विळी मात्र काळी व्हायची. पहिल्या काही दिवसांत चिरलेल्या कांद्यालाही काळसर झाक यायची आणि फळाला लोखंडाची चव. वर्षभराने ते थांबायचं. लोणचं मुरतं तशी विळी मुरायची.

बालमित्रांनो, आता हे का होतं ते पाहू. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की लाल गंज चढतो. हा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि भुसभुशीत असतो. त्याच्या पापड्या सुटतात, आत पाणी धरून राहतं, आणि खालचं लोखंड पुन्हा गंजतं. असं करत करत तो पातं खाऊन टाकतो. काळा थर वेगळा. फळातलं आंबट आणि तुरट पाणी लोखंडाच्या वरच्या पृष्ठाशी मिळतं आणि त्याची पातळ, घट्ट साय तयार होते. ती पापडीसारखी सुटत नाही, पात्याला चिकटून बसते, आणि पाण्याला सहजासहजी आत जाऊ देत नाही. ती पूर्ण कवच नव्हे, ओलं ठेवलं तर काळ्या पात्यालाही लाल गंज चढतो, पण नव्या कोऱ्या पात्यापेक्षा पुष्कळ उशिरा. निळा रंग दिसतो तो काही निळ्या फळाचा नाही. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, तसेच अतिशय पातळ थरावर प्रकाशाचे रंग दिसतात.

आणि तुरट रस अधिक लोखंड म्हणजे काळं, हे आपल्या लोकांना नवीन नाही. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून काळी शाई करायचे. सेफेर तोरा लिहिणारे सोफेर जी शाई वापरतात, तिच्यातही मायफळाचा तुरट अर्क आणि लोहाचा क्षार घालण्याची जुनी पद्धत आहे. वांगं चिरल्यावर विळी काळी होते आणि तोराची अक्षरं काळी होतात, त्यामागची युक्ती एकच.

आम्ही ८ नंबरचे दोन 'कार्बोन' चाकू घेतले. विमानात ते हातातल्या पिशवीत चालत नाहीत, मोठ्या बॅगेतच ठेवावे लागतात, हे लक्षात ठेवा. तिथे मात्र आम्ही त्यांनी काही कापलं नाही. खाण्यासाठी वापरायचं धातूचं भांडं किंवा सुरी गैरयहुदी माणसाकडून घेतली तर आधी मिकवेत तेविला करायला हवी. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती केली. तिथे गंमत झाली. चाकू पाण्यात पूर्ण बुडवायचा खरा, पण हे पाणी पोलादाचं आणि मुठीच्या लाकडाचं शत्रू. म्हणून आमचे आजोबा पंचा घेऊन उभेच होते. चाकू वर आला की लगेच पंच्यात, मग उघडून वाऱ्यावर, मग तेलाचा हात. मिकवेवरचा माणूस म्हणाला, "बाळाला आंघोळ घालताय की काय?"

त्या चाकूंना आम्ही फक्त फळं आणि भाज्यांसाठी, म्हणजे पारवे ठेवलं आहे. आता महिने झाले. एकाचं पातं सफरचंद, डाळिंब आणि कांद्यावर आपोआप काळं होत आहे, ढगासारखे डाग पडले आहेत. दुसऱ्याला नातवंडांनी घाई करून रंग दिला. दोन्ही रीती इथे देतो.

पहिली रीत, वापराची. चाकू साबणाने धुवून कोरडा करा म्हणजे कारखान्याचं तेल जाईल. मग रोज वापरा. कापून झालं की रसाचं पातं दोन-चार मिनिटं तसंच राहिलं तरी चालेल, पण नंतर धुवून, पुसून कोरडं करा. आंबट फळाचा रस रात्रभर ठेवू नका, पात्याला बारीक खड्डे पडतात. काही आठवड्यांत रंग दिसू लागतो. वेळ लागतो, पण हाच रंग जास्त टिकतो असं आमचं मत झालं आहे.

दुसरी रीत, घाईची. ही मोठ्यांनीच करावी, मुलांनी बघावी. साधा पांढरा व्हिनेगर कोमट करून पेल्यात घ्या आणि फक्त पातं त्यात बुडेल असं ठेवा. सांधा आणि लाकूड बाहेर हवं. बारीक बुडबुडे येतात. दहा-पंधरा मिनिटांनी काढा, वरची सैल काजळी कापडाने पुसा, हवं तर पुन्हा एकदा ठेवा. मग साबणाने नीट धुवा, कोरडं करा, तेल लावा. आमच्या नातीने मोहरीच्या सॉसचे ठिपके देऊन पात्यावर बिबट्या काढला आहे. सॉसऐवजी कच्च्या बटाट्यात पातं दोन-तीन तास खुपसून ठेवलं तरी छान करडा रंग येतो.

रंग आल्यावर तो राखायचा कसा? भांडी धुण्याच्या यंत्रात कधीही घालू नका. पाण्याच्या भांड्यात भिजत ठेवू नका. धुतल्यावर लगेच पुसा, आणि सांधा सुकेपर्यंत चाकू उघडा ठेवा. लाकूड ओलं होऊन फुगलं आणि पातं निघेना झालं, तर सावॉयचे लोक मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, पात्याचं टोक जरा वर येतं. महिन्यातून एकदा एक थेंब तेल पुरतं. सूर्यफुलाचं किंवा सोयाचं तेल काही दिवसांनी चिकट होतं. औषधाच्या दुकानातलं शुद्ध पॅराफिन तेल उत्तम, आणि आपलं खोबरेल चांगलंच चालतं. शेवटी आपण शनिवार तेली, आपल्याला तेलाचं काय सांगायचं!

राहण्याचं ठिकाणही बघावं लागतं. दिमोना, बेर-शेवाच्या कोरड्या हवेत पातं महिनोन्‌महिने बरं राहतं. अश्दोद, हैफासारख्या समुद्रकाठी खारा वारा असतो, तिथे तेल वरचेवर लावा. अलिबाग, रेवदंड्याच्या पावसाळ्यात आपल्या आया विळीला तेलाचा हात फिरवून ठेवायच्या, त्याचं कारण हेच.

लाल ठिपका दिसला तर घाबरू नका. त्या जागी तेलाचे दोन थेंब टाका आणि बारीक स्टील-लोकरीने फक्त तेवढंच घासा. तिथला काळा रंग जाईल, पुन्हा येईल. धार लावली की धारेची रेघ पांढरी दिसणारच, तेही बरोबर आहे. बोरीवर येणारा धारवाला सायकलचं चाक फिरवून धार लावायचा, तेव्हाही असंच व्हायचं. काळेपणा अंगाचा असतो, धारेचा नाही. आपल्या गावोगावच्या शोहेतांनी सुरी नखावरून फिरवून पाहिली ती धारेत बारीकशी पगीमा, दाता आहे का ते पाहायला.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या किती घरांतून विळ्या गेल्या, याचा कुणी हिशेब ठेवला आहे का? आम्हाला माहीत असलेल्या एका घरी आजींनी कोकणातून येताना कपड्यांत गुंडाळून विळी आणली होती. इथे आल्यावर त्याच विळीवर नारळ खवला, मलिद्याचा नारळ तिच्यावरचा, सांदणांचाही तिच्यावरचा. आजी गेल्या. घर आवरताना मुलांना ती काळी विळी गंजलेली वाटली, आणि खाली 'आल्ते ज़ाखन' ओरडत गाडी आली तेव्हा जुन्या पंख्याबरोबर तीही दिली. त्या मुलांचा दोष नाही. काळं आणि लाल यांतला फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. दुसऱ्या एका घरी सुनेने प्रेमाने विळी यंत्राने घासून आरशासारखी केली आणि सासूबाईंच्या हाती दिली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आठवड्याने तिच्यावर लाल ठिपके उठले.

म्हणून वडील मंडळींना विनंती आहे. माळ्यावर, बाल्कनीतल्या कपाटात, जुन्या चादरीत गुंडाळलेली विळी असेल तर काढा. पातं उघडताना जपून. कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसा. कापड लाल झालं तर तेल लावून गंज काढा, काळपट करडं राहिलं तर तसंच राहू द्या. मग नातवंडांना जवळ बसवा आणि त्यांना सांगा की ही कुणाची, कुठून आणली, हिच्यावर काय काय चिरलं. कैरी शूकमध्ये उन्हाळ्यात मिळते. एक कैरी त्यांच्यासमोर चिरा.

आणि मुलांनो, तुम्हाला चाकू हवा असेल तर आधी बोथट, गोल टोकाचा घ्या. ओपिनेलचाही ७ नंबरचा असा मुलांसाठीचा चाकू मिळतो. तो स्टेनलेसचा असल्यामुळे काळा होणार नाही. वापर घरात, मोठ्यांच्या समोर. शाळेत किंवा बसमध्ये कुठलाही चाकू नेऊ नका. काळा होणारा चाकू थोडे मोठे झालात की मागा. तोपर्यंत आजीची विळी पुसायचं काम तुमचं. दोन्ही बाजूंनी, पाठीकडून धारेकडे, बोटं धारेपासून लांब ठेवून.